मोकळ्या हाताची खुंटी

मला तुलना करायची खोड लहानपणापासूनची. दोन आंबे समोर आले तरी मी आधी ते दोन हातांत तोलून बघणार आणि मग कुठला खायचा ते ठरवणार. पुढे पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले आणि ही खोड पोटापाण्याच्या कामी आली. कुठे पाऊस जास्त, कुठे गहू जास्त, कुठली नदी लांब, हे विचारायचा मला पगार मिळू लागला. घरचे मात्र वैतागलेले असत. "हिच्यापुढे भजी ठेवली तरी ही आधी मोजमाप घेईल," असं दादा म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

तेव्हा नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तळ्याकाठच्या तालमीतले सर व्हिडिओ कॅसेट घेऊन आमच्या घरी आले, तर मी किती हरखले असेन ते सांगायला नको. हे सर पोरांना पंजा लढवायला शिकवायचे. आपल्या देशाचा संघ पंजाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला परदेशी गेला, त्याच्याबरोबर तेही मदतनीस म्हणून जाऊन आले होते. येताना सामन्यांची कॅसेट आणली, पण तालमीत टीव्हीच नव्हता. दादाने हौसेने व्हीसीआर घेतला होता, म्हणून ते आमच्या दारात उभे.

पंजा म्हणजे जत्रेत नाहीतर कट्ट्यावर टाइमपास म्हणून लढवतात तो, एवढीच माझी समजूत होती. पडद्यावर बघते तर रीतसर उंच टेबल, कोपर टेकवायला गाद्या, पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेले पंच, आणि मागे देशोदेशींचे झेंडे. झेंडे दिसल्यावर मी जाऊन शाळेचा नकाशासंग्रहच घेऊन आले. कुठला देश किती जिंकतो आणि का जिंकतो, हे मला त्याच संध्याकाळी कळायला हवं होतं.

माझा पहिला तर्क थंडीचा. रशियाचा गडी जिंकला, स्वीडनचा जिंकला, मी मान डोलावली. एवढ्यात ब्राझीलच्या एका ठेंगण्याने एका गोऱ्या धिप्पाडाला असा आडवा केला की माझी थंडी तिथेच वितळली. दादा म्हणाला, सगळा पैशाचा खेळ. आई म्हणाली, दुधाचा. मग मी देशाच्या आकाराकडे वळले, तर एवढासा जॉर्जिया येऊन भल्याभल्यांना लोळवून गेला. माझ्या नकाशात तर जॉर्जिया वेगळा नव्हताच. तिथे अजून सगळा सोव्हिएत संघ एकाच रंगात पसरलेला होता, आणि पडद्यावर त्यातून निघालेले देश आपापले झेंडे घेऊन एकमेकांचे पंजे पाडत होते. वाटण्या झाल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला ताकद आली कशी, हे मला काही केल्या सुटेना.

आपली मुलंही चिवट लढली. फार वर गेली नाहीत, पण मान खाली घालावी असंही काही नव्हतं. थोडा वेळ गेला आणि मला वाटलं कॅसेट बिघडली. सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं दिसत होतं.

"बिघडली नाही," सर म्हणाले. "हे डाव्या हाताचे सामने. ते वेगळे असतात. दोन्ही हातांचे गुण मिळून देशाचे गुण होतात."

मी आपला झेंडा शोधत राहिले. तो काही दिसला नाही.

"आपली मुलं कुठे गेली?"

"एकच उतरला होता, तो लगेच बाहेर पडला. आपल्याकडे डाव्याचा सराव कोण करतो? पुढच्या खेपेला बायकांचा संघ जायचाय. उजव्यासाठी मुलींची रांग लागलीय. डाव्या हाताची मात्र एकच मुलगी मिळालीय आत्तापर्यंत."

"म्हणजे आपला देश एका हाताने खेळतो आणि दोन हातवाल्यांशी बरोबरी करायला जातो," मी म्हणाले. सरांना हसू आलं. मला आलं नाही, कारण इतका वेळ शोधत होते ते कारण सापडल्याचा आनंद मला झाला होता आणि तो मी गंभीरपणे साजरा करत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "मी डावरीच हाय."

वहिनी म्हणजे दादाची बायको. माहेर गव्हाणचं, खाडीत मासेमारी करणारं घर. लग्न दोघांनी आपलं आपण जमवलेलं, त्यामुळे आईने पहिले काही महिने तोंड फुगवलं होतं. मग वहिनीने केलेलं कोळंबीचं कालवण तिने चोरून खाल्लं आणि प्रकरण मिटलं. वहिनीच्या हातात जोर होता हे आम्हांला ठाऊक होतं. लग्नानंतर दादा पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा तिच्या थोरल्या भावाने गमतीने त्याचा पंजा पाडला. दादाचं पडलेलं तोंड बघून वहिनी पुढे सरसावली आणि तिने त्या भावाचाच पंजा पाडला. सगळी आळी हसली म्हणे. पण तो उजव्या हाताने. जेवायची उजव्याने, लिहायची उजव्याने. फक्त घाईत कधी पळी डाव्या हातात यायची, आणि मग आईचा आवाज यायचा, "अगं सूनबाई, उजव्या हातानं वाढ." ती लगेच हात बदलायची.

"डावरी? मग उजव्याने सगळं कसं करतेस?" मी विचारलं.

"लहान हुते तवा आयनं ह्यो हात फडक्यानं कमरंला बांदलेला," ती अगदी सहज म्हणाली. "उजव्यानं खाल्लंस तर खा, नायतर ऱ्हा उपाशी. पोटाला भूक लागते ना ताई. शिकले."

आईच्या मते त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. पानात वाढायचं, प्रसाद घ्यायचा, कुणाला काही द्यायचं ते उजव्याने, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि तिच्या आईला तिच्या आईने.

निवडीचे सामने आमच्याच गावात, एका शाळेच्या सभागृहात होणार होते. वहिनीने नाव द्यायचं ठरवलं. मला वाटलं तिला परदेशाची हौस असेल, तसं मी छेडलंही. कणीक मळता मळता ती थांबली.

"परदेस-बिरदेस नाय वो ताई. माजा ह्यो हात कंदी माजा झालाच नाय. येकदा लावून बगायचा हाय, काय करतो त्यो."

तिने कणकेचा डावा हात माझ्यापुढे धरला होता आणि त्याच्याकडे ती नव्याने ओळख झालेल्या माणसाकडे पाहावं तशी पाहत होती. त्या दिवसापासून ही निवड तिच्याइतकीच माझीही झाली.

सर निवड समितीवर, त्यामुळे तिला शिकवणं त्यांना बरं वाटेना. मग आमचा गुरू म्हणजे कॅसेट. मी चित्र थांबवायचे, मनगट कसं आत वळवतात ते बघायचे, आणि सांगायचे. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा कोपरा बरोबर उंचीचा होता. वहिनी उजवा हात पदरात गुंडाळून कमरेशी खोचायची, मध्ये मध्ये येतो म्हणून, आणि डावा ओट्यावर टेकवायची. दादा हरला. दूधवाला हरला. मी तर हात लावताक्षणीच हरले. शेवटी आईही एकदा पदर खोचून उभी राहिली, हरली, आणि "माझं मनगट आधीच दुखत होतं" असं म्हणून आत गेली. आम्ही इतके हसलो की गॅसवरचं दूध उतू गेलं.

निवडीला आई डबा घेऊन आली होती. समोर होती ती एक कॉलेजात शिकणारी मुलगी, केस बारीक कापलेली, जन्माची डावरी, आणि कुणी तिला कधी अडवलेलं नसावं असं तिच्या उभं राहण्यावरूनच वाटत होतं. दोघींचे हात जुळले. सर पंच होते.

"मोकळा हात खुंटीवर," ते म्हणाले.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी होती. रिकामा हात तिच्यावर घट्ट ठेवायचा असा नियम. ती खुंटी कॅसेटमध्ये प्रत्येक सामन्यात होती. मी झेंडे बघत बसले, खुंटीकडे आमच्यातल्या कुणाचंच लक्ष गेलं नाही. वहिनीने पदरातला उजवा हात सोडवला आणि खुंटी पकडली.

सरांनी इशारा केला. क्षणभर दोन्ही डावे हात मधोमध थरथरत राहिले. आणि मग मला दिसलं की वहिनीचा उजवा खांदा फुगतोय. उजव्या दंडाची शीर वर आली, खुंटी कुरकुरली, आणि डावा हात सावकाश, जणू कुणी बोलावलंच नव्हतं असा, गादीवर जाऊन पडला.

वहिनीला काय झालं ते समजलंच नाही. दुसऱ्या फेरीला तिने डोळे मिटले, ओठ चावले, सगळा जीव एकवटला. खाडकन आवाज झाला. मला वाटलं जिंकली. पण खुंटी मुळापासून उपटून तिच्या उजव्या हातात आली होती, आणि डावा हात पुन्हा गादीवर होता. सभागृहात हशा पिकला, कुणी टाळ्याही वाजवल्या. तीनपैकी दोन फेऱ्या गेल्या म्हणजे सामना संपला. वहिनी खुंटी हातात धरून तशीच उभी राहिली, मग तिने ती सरांना परत दिली, उजव्या हाताने, नीट.

"जोर त्या मुलीपेक्षा जास्त होता," सर नंतर मला म्हणाले. "पण जोर लावायचा म्हटला की तो कुठे जातो, ते दिसलं ना?"

घरी येताना रिक्षात आई टेबलवाल्यांवर तोंडसुख घेत होती. असली तकलादू खुंटी लावतात, सामना रद्दच करायला हवा होता, वगैरे. वहिनी डाव्या तळहाताकडे बघत होती.

"ह्याला हाक मारली, तर ह्योच उटला," तिने उजवा हात उचलून दाखवला आणि ती रडली. लग्न झाल्यापासून तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. मला राग आला. तिच्या आईचा आला, आमच्या आईचा आला, त्या फडक्याचाही आला, आणि कुणाला काही म्हणता येईना, कारण शेजारी बसलेली आई पदराने तिचे डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं पेपर लिहीत होती आणि मी बाकांमधून फिरत होते. सहज हातांकडे लक्ष गेलं. सगळे उजवे. शेजारच्या वर्गात डोकावले, तिथेही सगळे उजवे. एवढ्या मुलांत एकही डावरं जन्माला आलं नसेल, हे काही पटण्यासारखं नव्हतं. थंडी, दूध, पैसा, देशाचा आकार, सगळं मी नकाशात शोधलं होतं. आपल्या संघाचे अर्धे गुण इथे, या बाकांवर, उजव्या हाताने निबंध लिहीत बसले होते.

संघ गेला, ती कॉलेजातली मुलगीही गेली. तिने तिकडे काय केलं ते सरांनी येऊन सांगितलं, वहिनीने सगळं खोदून खोदून विचारलं. असूया तिच्या स्वभावातच नव्हती. ती माझ्याकडे भरपूर होती, तेव्हा घरात तूट पडली नाही.

पुढे वहिनीला मुलगी झाली. दीड-पावणेदोन वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, आम्ही बायका स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो होतो, मध्ये पाट, पाटावर पोरीची वरणभाताची ताटली. पोरीने घास उचलला तो डाव्या हाताने. आईने बोलता बोलता, तिकडे न बघताच, जवळ होता तो डावा हात पुढे केला. "अगं बाई, हा नव्हे, तो हात," असं म्हणत ती पोरीचं मनगट धरणार, तोच वहिनीने समोरून आईचा हात पकडला.

पकडला तो डाव्या हाताने. पंजात पंजा, दोघींची कोपरं पाटावर. आईने चमकून वर पाहिलं. मग तिनेही जोर लावला, खरा जोर, तिच्या मानेवरून कळत होतं. वहिनीचा हात हलला नाही. तिने कसलीच घाई केली नाही. आईचा हात हळूहळू वाकवत तिने पाटावर टेकवला, आणि तिथेच धरून ठेवला.

"ऱ्हाऊ द्या तिला, आई," ती म्हणाली.

आईने हात सोडवून घेतला नाही. पोरगी डाव्या हाताने दुसरा घास उचलत होती, अर्धा भात फ्रॉकवर सांडत होती. मी वहिनीच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो तिच्या मांडीवर नुसता पडला होता, कशालाही न धरता.