सात बोऱ्या मीठ

आमच्या कवडूभाऊनं एवढा घोटाळा केला, तरी त्याच्यावर राग धरून बसता येत नाई. मी शोभाबाई, कारखान्यात राख चाळते. राखेत मीठ मिसळायचं काम त्याच्याकडं.

आंजीचा कवडूभाऊ वीस वर्षं लग्नाचा आचारी होता. मंगल कार्यालयवाल्यांनी आपलेच आचारी आणले, तेव्हा तो इकडं आला. इथं भंडाऱ्याहून आलेल्या धानाच्या तुसाची पांढरी राख करतात. तिच्यात मॅग्नेशियमची भुकटी अन् मीठ घालून बंद भट्टीत तापवतात. तपकिरी भुकटी निघाली की ते सिलिकॉन. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत जाते. स्वस्तात होते म्हणून तर पुण्याची कंपनी विचारून राह्यली.

छोट्या भट्टीत किलोभर राखेचं मस्त जमलं. मंग एका वेळी पन्नास किलो राख घेणारी भट्टी आली. पहिला माल जळून दगड झाला. दुसराही. मालक विवेकसाहेब भडकले, "जागृती म्याडम, तुमचं मापच चुकलं. भट्टी बंद करा, अन् तुम्हीही दुसरी नोकरी पाहा."

जागृती म्याडम म्हणजे सावंगीची पोट्टी, राख-मिठाचं माप तिनंच बसवलेलं. दोन वर्षं त्या भुकटीपायी राबली. तोंडच उतरलं तिचं.

तेवढ्यात कवडूभाऊ म्हणे, "साहेब, माप बरोबर आहे. कागदावर दहा बोऱ्या मीठ होतं. दोन्ही वेळा मी सातच टाकल्या."

"काऊन?"

"मोठ्या गंजात रांधताना मीठ पटीनं टाकत नाई, साहेब. हात आखडता घ्यावा लागते. पाचशे माणसाची भाजी खारट झाली तर आचाऱ्याची इज्जत जाते."

असा राग आला मले! अरे बाप्पा, ही काय वांग्याची भाजी आहे? इथं मीठ चवीले नसते, आग शोषून घ्याले असते. ढीग मोठा तर आग मोठी. म्याडमनं दहादा सांगतलं होतं.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

कवडूभाऊ मान खाली घालून निघाला. चुपचाप राह्यला असता तर त्याची नोकरी वाचत होती.

म्याडम गेटपर्यंत धावत गेली. "काका, कुठं चालले? उद्याचं मीठ तुम्हीच टाकायचं. तीन बोऱ्या कमी पडल्या की काय होते, हे तुमच्याइतकं आता कोणाले माहीत आहे?"

साहेब मागून आले अन् म्हणाले, "उद्या एकदाच भट्टी लावा."

दुसऱ्या दिवशी कवडूभाऊनं दहावी बोरी झटकून रिकामी केली. भट्टी थंडी झाल्यावर मीठ धुऊन काढलं, तर खाली तपकिरी, मऊ भुकटी. कवडूभाऊ तिथंच बसला अन् लहान लेकरासारखा रडला. मीबी रडली, लपवायचं काय त्याच्यात.