चप्पल हातात घेऊन

आमची इमारत दुपारची पडली. मी वज्रेश्वरीला बहिणीकडे गेले होते. परत आले तेव्हा घर नव्हतं आणि आमचे हेही नव्हते. आम्हाला मूलबाळ नाही. आता शेलार गावात भाड्याच्या एका खोलीत राहते. ती तळमजल्यावर आहे, एवढं मी बघून घेतलं.

वाचलेले आम्ही दर शुक्रवारी पालिकेच्या शाळेत जमतो. शुक्रवारी इथले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात. माणसं मोकळी असतात आणि बोललेलं ऐकूही येतं. शाळेतल्या एक बाई हे चालवतात. त्या म्हणतात, पडल्याचं सांगायचं तेव्हा सांगा, आधी इमारत उभी होती तेव्हाचं सांगा. पहिल्यांदा मला रागच आला. गेलेल्या घराच्या गप्पा मारून काय मिळणार, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. "काही नाही मिळालं तर चहा पिऊन जा, मावशी," त्या म्हणाल्या. घरी तरी कोण वाट बघत होतं? मी जात राहिले.

कुणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही मजल्यांप्रमाणे बसायला लागलो. तळमजला दाराशी, आम्ही तिसऱ्या मजल्याचे खिडकीकडे. माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी असते. ती कुणी घेत नाही.

तळमजल्याच्या आजी पायरीवरच्या सुकटीबद्दल सांगतात. "वास येतो म्हणून समदी ओरडायची, न् जेवायला समद्यांना तीच हवी." सगळे हसतात. गच्चीवरच्या पतंगांचं निघतं, टाकीवरून झालेल्या भांडणांचं निघतं. गेलेली माणसं त्यात येऊन जातात. ह्यांचं मात्र कधीच निघत नसे. हे कापडाच्या पेढीवर कारकून, बोलणं मोजकं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी तोंड मिटून ऐकायची ती एवढ्यासाठीच, की कधीतरी कुणाला तरी ह्यांची आठवण येईल. मी सांगितलं असतं तर ते माझंच झालं असतं. मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून हवं होतं. नाहीतर हा माणूस होता, हे जाणणारी जगात मी एकटीच, या विचाराने मला झोप लागत नसे.

त्या शुक्रवारी दुसऱ्या मजल्यावरचा लूमवाला आला. तिथे जिन्यालगतच्या एका खोलीत रात्रपाळीची माणसं दिवसा झोपत. हा इमारत पडली त्या दिवशी डबल ड्युटीला थांबला म्हणून वाचला, सोबतचे गेले. चहा संपवून तो सांगू लागला.

"गर्मी में हम दरवाज़ा खुला रखके सोते थे. तीसरे माले के एक अंकल दोपहर को खाने आते थे. चप्पल हाथ में लेके चढ़ते थे."

मी हातातला चहा खाली ठेवला. चप्पल हातात घेऊन हे रोज दारात उभे राहत. मला वाटायचं, चावते. मी नवी घेऊन दिली, तर तीही हातातच. विचारलं तर नुसते हसायचे. शेवटी मी नाद सोडला.

"एक दफ़ा मेरी आँख खुल गई," तो म्हणाला. "मैंने पूछा, अंकल, चप्पल क्यों निकाली? बोले, सो जाओ, रात को ड्युटी है."

ह्यांचं हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात जे माझ्या वाट्याला आलं नाही, ते या परक्या पोराकडे होतं. मला वाईट वाटलं, आणि तितकंच बरंही वाटलं.

"वो मेरे थे," मी म्हटलं. त्या वर्गातलं ते माझं पहिलं बोलणं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या जागेकडे.

"क्या बोले थे, फिर से बोलो," मी त्याला म्हटलं.

त्याने पुन्हा सांगितलं, चांगलं खणखणीत. लूमच्या खडखडाटात राहणारी माणसं तशीच बोलतात.

"ऐसे नहीं. धीरे से बोलते थे वो."

तो थोडा पुढे सरकला. खाली बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "सो जाओ. रात को ड्युटी है."

"हां," मी म्हटलं. "ऐसे ही."