तुळसाबाईचं कोहळं कोण कापते?

पारशिवनीहून पेंचच्या रस्त्यानं आत आलं का आमचं गाव लागते. तिथं तुळसाबाईचं घर कोणाले विचारावं लागत नाही. भिंत दिसत नाही, छपरावरची कवेलू दिसत नाहीत, नुसता वेल दिसते, त्याच्या खाली घर आहे. मी प्रेमिला, तिच्या बाजूले राहते. आमच्या दोघींच्या मधात एक काट्याचं कुंपण आहे अन् अर्धं आयुष्य आम्ही त्या कुंपणाशी उभं राहून काढलं.

बाई साठीच्या पुढची, अंगानं काडी, जिभेनं मिरची. दसरा जवळ आला का तिच्या घरामागच्या वाडीत पाय ठेवाले जागा राहत नाही. वालाच्या शेंगा, वांगे, सांभार म्हंजे कोथिंबीर, दोडके, झेंडू. अन् त्याच दिवसांत तिचं रडगाणंही सुरू होते. परतीचा पाऊस आला तर झेंडू आडवा झाला म्हणून रडते, नाही आला तर वांग्याले कीड लागली म्हणून रडते. जंगलातून वानरं येतात शेंगा खाले. लोक गोटे मारतात, ही त्याईच्यासंगं भांडते. "माणसाच्या घरी असं येतेत काय रे? कोणी शिकवलं तुमाले?" वानरंही बसून ऐकतात बिचारे, खाता खाता.

आता कोहळ्याचं सांगते. आमच्याकडच्या बऱ्याच घरी बाई माणूस अख्खं कोहळं कापत नाही. कोहळं म्हंजे घरचा मोठा पोरगा, त्याच्यावर मायनं शस्त्र कसं चालवावं? पहिला घाव पुरुषानं घालाचा, मग बाईनं खुशाल फोडी करून फोडणीत टाकाच्या. पोरगा फोडणीत गेलेला चालते, बरं का! मी हसते तर तुळसाबाईले राग येते. आम्ही बौद्ध. माह्या आजेसासऱ्यानं छप्पनात नागपूरले दीक्षा घेतली, तेव्हाच हे सारं मागं टाकून आला. मी कोहळं पावशीवर, म्हंजे विळीवर, धरते अन् खचाखच कापते.

तुळसाबाईच्या घरी तो पहिला घाव नानाजीचा. नानाजी म्हंजे तिचा बुढा. आयुष्यात वाडीतली काडी त्यानं इकडची तिकडे केली नाही, पण कोहळं कापाच्या दिवशी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून यायचा. विळ्याचा एक घाव घालायचा अन् दिवसभर दमल्यासारखा खाटेवर पडून राहायचा.

यंदा उन्हाळ्यात मात्र नानाजी वानराच्या मागं धावला. काहून धावला, देव जाणे, कधी धावत नव्हता. पडला, गुडघा गेला. पोरगा अंकित नागपुरात हुडकेश्वरले राहते, तो गाडी घेऊन आला अन् बापाले घेऊन गेला. निघताना तुळसाबाई म्हणाली, "जा बाप्पा, मले काय फरक पडते." नानाजी म्हणाला, "मले बी नाही पडत." झालं. गुडघा केव्हाचा बरा झाला, पण 'या' म्हणाले ही तयार नाही अन् 'येऊ काय' विचाराले तो तयार नाही. नानाजी फोन करून गाय कशी आहे विचारायचा. ही सांगायची, गाय बरी आहे, तुमची आठवण काढत नाही.

अन् नेमकं यंदाच कोहळं असं धरलं का विचारू नका. गोठ्यावर वेल चढला, वर एकच फळ ठेवलं, ते वाढता वाढता राहत नव्हतं. खालची कवेलू फुटली. आडवी बल्ली वाकली. गाय वर पाहू पाहू दूध देणं विसरली. शेवटी चार माणसं चढली, दोर बांधले, घोंगडीत घालून उतरवलं अन् तुळसाबाईनं सांगितलं म्हणून नानाजीच्या खाटेवर ठेवलं. संध्याकाळी दव पडाले लागलं तर बाईनं त्याच्यावर नानाजीचा शेला पांघरला.

"आता कापा ना वं मावशी," मी म्हटलं. मले भाजी पाहिजे होती, खोटं काहून बोलू?

"पुरुष पाहिजे."

मारोतराव आला, कोपऱ्यावरचा, भला माणूस. तर तुळसाबाई म्हणे, यानं कापलेलं कोहळं बेचव निघते, त्याच्या बायकोले, इंदूबाईले विचारा. गोविंदा आला. तर म्हणे, तो डावखुरा आहे, घाव उलटा बसन. सरपंच स्वतःहून आला, संगं फोटो काढणारा, विळ्याले लाल फीत बांधलेली! त्याले म्हणाली, "तुमच्या हातानं पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं, ते अजून गळून राहिली. माह्या कोहळ्याले हात लावू नका." माय वं! गावात पुरुषाची जात शिल्लक होती, पण तिच्या कामाचा एक नव्हता. मले तेव्हाच समजलं हिले कोणता पाहिजे होता. पण तिच्या तोंडून निघालं तर शपथ.

मग अंकितनं डोकं चालवलं. व्हिडिओ कॉल. मी फोन धरला, तुळसाबाईनं विळा कोहळ्यावर टेकवला, तिकडे नानाजीनं हवेत सुरी उचलली. दोघांनी एकाच वेळेस हात खाली आणाचा, असं ठरलं होतं. "जय बजरंगबली," नानाजी म्हणाला अन् नेटवर्क गेलं. त्याचा हात वरच अडकला, तोंड उघडंच. आम्ही वाट पाहिली. हलेच ना.

"घाव आलाच नाही," तुळसाबाई म्हणाली अन् विळा ठेवून दिला. पण त्या अडकलेल्या तोंडाकडे पाहत राहिली ते फोन विझेपर्यंत. मले तिची दया आली अन् रागही आला. एक शब्द, फक्त एक शब्द 'या' म्हणाचा, त्याले काय लागते?

दिवाळीच्या आधी अंकित वैतागून गाडी घेऊन आला. "आई, कोहळं घे अन् चल. बाबा तिथंच कापन." मले इतवारीच्या बाजारात भांडे घ्याचे होते, मीही बसली. कोहळं मागं मावेना म्हणून समोरच्या सीटवर बसवलं. गाडी चालू झाली अन् टीं टीं टीं वाजाले लागली, थांबेचना. गाडीले वाटलं माणूस बसलं अन् पट्टा बांधला नाही. अंकितनं मुकाट्यानं कोहळ्याले पट्टा बांधला. मागून तुळसाबाई म्हणे, "हळू चालव रे, त्याले लागन."

"मले लहानपणी असं म्हटलं नाही कधी," अंकित म्हणाला.

हुडकेश्वरले बिल्डिंगच्या गेटवर चौकीदारानं विचारलं, संगं कोण आहे. तुळसाबाई म्हणाली, "मोठा पोरगा." अंकितनं काच खाली करून सांगितलं, "मोठा पोरगा मी आहो!" चौकीदारानं एकदा कोहळ्याकडे पाहिलं, एकदा अंकितकडे, अन् सलाम ठोकला. कोणाले ठोकला, ते नाही सांगता येत.

वर सून अश्लेषानं जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला होता, बाजूले नवीन सुरी. नानाजी आतून आला. दाढी केलेली, अंगात पोराचा ट्रॅकपँट. मले हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. त्यानं बायकोकडे पाहिलं नाही, कोहळ्याकडे पाहिलं. हिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं. नानाजीनं कोहळ्यावर टिचकी मारली, कान लावला, सुरी उचलून बोटावर घासली.

"याच्यानं पेरू कापल्या जात नाही," म्हणाला. "याले घरचा विळा लागते."

"मग बाबा?" अंकितनं विचारलं.

"मग काय. जातो, कापतो, येतो."

अन् दाराच्या मागं त्याची पिशवी भरलेलीच होती! गोळ्या, धोतर, चष्मा, सगळं. अश्लेषा माह्याकडे पाहून म्हणाली, "काकू, कॉल झाला त्या दिवशीच भरली."

परतताना समोर पट्टा बांधून कोहळं, मागं एका खिडकीशी तुळसाबाई, दुसऱ्या खिडकीशी नानाजी, मधात मी, मांडीवर इतवारीची पातेली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, मले सांगत होते. "प्रेमिला, वाडी बरी आहे काय विचार." "प्रेमिला, सांग, झेंडू झोपला." कामठी येईपर्यंत माहं डोकं उठलं.

अंकित आम्हाले सोडून गेला. बापाचा शब्द होता, कापलं का फोन करतो, घ्याले ये.

त्याले आता किती दिवस झाले! नानाजी सकाळी उठते, गोट्यावर विळा घासते. घासते घासते अन् ठेवून देते. एक दिवस आभाळ आहे म्हणून नाही कापलं, एक दिवस पाहुणे आले म्हणून. दिवाळी झाली. आता तर तो वाडीतही काम करते, ज्यानं जन्मात केलं नाही. परवा मी पावशी घेऊन गेली. म्हटलं, बस झालं तुमचं, आणा इकडं. तर दोघंही असे अंगावर आले का मी पावशी टाकून पळाली.

मग तुळसाबाई कुंपणाशी आली. पदराचं टोक बोटाले गुंडाळत होती. "कापलं का अंकित गाडी घेऊन येते वं," म्हणाली. "एकटीले घर खाले उठते, प्रेमिला."



आज सकाळी अंकितचा फोन मलेच आला. "काकू, तुम्ही तरी खरं सांगा. बाबा कोहळं काहून नाही कापून राहिले? तुम्ही तर असलं काही मानत नाही."

मी वाडीकडे पाहिलं. नानाजी वालाच्या वेलाले सुतळी बांधून राहिला होता, तुळसाबाई गाठ चुकली म्हणून त्याले खवळून राहिली होती. दोघांचेही कान माह्याकडे.

"अंकित," म्हटलं मी, "जे कोहळं गाडीत बसून गावाले जाऊन आलं, ते होळीच्या आधी कापत नाही गा. घराले दोष लागते."

"असं कोण म्हणते काकू?"

"मी म्हणून राहिली ना!"