शेजारच्या देशाचा आकडा

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी केलं. माझा धाकटा भाऊ साखर कारखान्यातला केमिस्ट. निपाणीकडच्या आमच्या मुलखात ऊस भरपूर, कारखाने भरपूर, पगार मात्र जेमतेम. म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यानं पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात, एका साखर कारखान्यात नोकरी धरली. त्याची बायको तेव्हा गरोदर होती. तिला माहेरी आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणासाठी ती माझ्याकडे, बंगळुरात राजाजीनगरला आली. भाऊ निघायच्या आदल्या दिवशी ती रडून रडून अर्धी झाली आणि तिला गप्प करायला मी माझ्या नोकरीतलं शहाणपण बाहेर काढलं.

"रडतेस काय अशी? तिकडं इंटरनेट आपल्यापेक्षा जास्त आहे. दर आठवड्याला पत्र येईल, तेही लिहिल्या दिवशी."

हे मी हवेत बोलले नव्हते. जे. पी. नगरातल्या एका लहान संशोधन संस्थेत मी काम करत होते आणि विकसनशील देशांमध्ये इंटरनेट कुठवर पोचलं आहे याचा अहवाल तेव्हा आमच्याकडे तयार होत होता. देशांची नावं एकाखाली एक, आणि समोर दर हजार माणसांमागे वापरणारे किती. भाऊ जाणार होता तो देश त्या तक्त्यात आपल्या बराच वर होता. भावजयीनं डोळे पुसले आणि विचारलं, "खरंच, अक्का?" मी म्हटलं, "अगं, छापून येणार आहे!"

आमच्या घरी संगणक नव्हता. फोनसुद्धा नव्हता, नुसतं नाव नोंदवून ठेवलं होतं. पत्रव्यवहार चालायचा तो माझ्या ऑफिसच्या ई-मेल खात्यावरून. ती कागदावर लिहायची, मी तो कागद पर्समधून नेऊन इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची. भावाचं उत्तर आलं की छापून, घडी घालून, न वाचता घरी आणायची. न वाचता म्हणजे पहिली ओळ सोडून. माणूस खुशाल आहे एवढं कळल्याशिवाय घडी घालायला हात होत नाही.

पहिले काही आठवडे मी म्हटलं तसंच झालं आणि माझी मान ताठ राहिली. मग एका आठवड्यात काही आलं नाही. पुढच्याही नाही. आम्ही पाठवलेलं परत येत नव्हतं, म्हणजे कुठंतरी पोचत होतं. उत्तर तेवढं नव्हतं. त्याच सुमारास वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी आल्या की त्या देशाच्या राजधानीत गडबड झाली, दुकानं जळाली. मी ते पान घरी नेलंच नाही. एसटीडी बूथवरून कारखान्याचा फोन लावून पाहिला, तर पलीकडे रिंगसुद्धा जात नव्हती. कारखान्याच्या मुंबईच्या ऑफिसनं "सगळं नॉर्मल आहे, मॅडम" म्हणून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. नॉर्मल म्हणजे काय विचारलं, तर साहेब जेवायला गेले होते.

आता तोच आकडा माझ्या मानगुटीवर बसला. त्या देशात इंटरनेट नाहीच असतं, तर पत्र न येणं समजण्यासारखं होतं. पण आपल्यापेक्षा जास्त आहे म्हटल्यावर? इतकी माणसं वापरतायत आणि माझ्याच भावाला एक ओळ टाकता येत नाही, याचा अर्थ तो टाकण्याच्या स्थितीत नाही. आकडा जेवढा मोठा, तेवढी माझी भीती मोठी. ऑफिसात बाकीचे एखादा देश वर सरकला की खूश व्हायचे. मी मात्र रोज मनात म्हणत होते, देवा, हा एवढा एक आकडा चुकीचा असू दे.

भावजय नुसती भांडी आपटत होती, दार आपटत होती. एकदा तांदूळ निवडता निवडता एकदम म्हणाली, "तुम्हीच सांगितलात न्हवं, तिकडं आपल्यापेक्षा जास्त हाय म्हणून? मग काय करायलेत हे? हात मोडलेत काय?" मला वाटलं, भीतीनं बोलते आहे बिचारी. मी तिला जवळ घेतलं, तर तिनं माझा हात झटकला.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात मी त्या एका ओळीच्या मागे लागले. त्या काळात हे आकडे कसे जमायचे, ते सांगायला हवं. कुठल्याही देशात वापरणारी माणसं कुणी मोजलेली नसायची. मोजलेली असायची खाती. मग एका खात्यामागे माणसं किती, याचा अंदाज धरायचा आणि गुणायचं. तो अंदाज हे सगळं दुखणं. आपल्या देशासाठी तो बांधायला मी स्वतः बंगळुराजवळच्या आनेकलला जाऊन आले होते. तिथं एका बूथवाल्याकडे एक संगणक, एक खातं, आणि त्यावर निम्म्या बाजारपेठेची पत्रं. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाला कारखान्याचा अर्ज पाठवायचा. बूथवाल्याला विचारलं, किती लोक वापरतात? तो म्हणाला, "वापरतो मी एकटाच. बाकीचे सांगतात." हे उत्तर कुठल्या रकान्यात घालायचं, यावर ऑफिसात चहाचे दोन कप संपले होते.

म्हणून मला वाटलं, त्या देशाचा गुणक कुणीतरी फुगवला असणार. मी मूळ कागद काढले. खाती शोधली. त्या देशापुढे खात्यांचा आकडाच नव्हता. जागा कोरी होती. आणि आमच्या तक्त्यात मात्र गोंडस, दशांश चिन्हासकट आकडा बसलेला.

आमचे साहेब कॉलेजातून निवृत्त झालेले, म्हैसूरकडचे, स्वभावानं वाईट नव्हेत. पण अहवाल जायची तारीख डोक्यावर आली होती आणि ते कुणाशीच सरळ बोलत नव्हते. मी कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. आम्ही निम्मं कन्नड, निम्मं इंग्रजी बोलायचो.

"सर, हा आकडा कुठून आला?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नोडम्मा, हे बघा, त्या देशानं माहिती दिलेली नाही. मी शेजारच्या देशांची सरासरी घेतली. सगळे असंच करतात."

"तळटीप नाही."

"टाकू. स्वल्प, थोडं थांबा."

"थांबणार नाही, सर. शेजारच्या घरी दिवे आहेत म्हणून या घरी वीज आली म्हणायची का?"

"आणि जागा कोरी ठेवली तर पैसे देणारे विचारतील, तुम्ही काम काय केलंत?" त्यांचा आवाज चढला. "एका ओळीनं काय बिघडतं तुमचं?"

शितावरून भाताची परीक्षा होते हे मला मान्य आहे. पण शीत निदान त्याच भांड्यातलं हवं की नको? मी सांगितलं, माझा भाऊ त्या ओळीत आहे. आणि सांगताना माझा आवाज फुटला, त्याची मला अजून चीड येते, कारण मला भांडायचं होतं, रडायचं नव्हतं. साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. मग पेन घेऊन त्यांनी आकड्यावर काट मारली आणि तिथं आडवी रेघ ओढली. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले.

मी बसमध्ये बसले ती जवळजवळ तरंगतच. आकडा खोटा! तिथं इंटरनेट असेल, नसेल, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे पत्र न येण्याला काही अर्थ उरला नव्हता. घरी पोचून चपला काढायच्या आधी मी हे भावजयीला सांगितलं, हसत हसत सांगितलं.

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"म्हंजे जास्त न्हाई तिकडं?"

"माहीतच नाही गं कुणाला. कदाचित त्या गावात काहीच नसेल. एखादीच तार असेल, तीही तुटली असेल."

ती पाटावरून उठली आणि भिंतीला टेकून खाली बसली. "इतके दिवस मला वाटायचं, हे बसलेत आरामात, आणि मला लिवायचा कंटाळा करायलेत. शिव्या घालत होते मी त्यांना. शिव्या घालत का होईना, डोळ्यांम्होरं होते हो. आता कुठं बघू त्यांना?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण नको तेव्हा. आकडा एकच होता आणि वाचणाऱ्या आम्ही दोघी. मला त्यात भावाचं बरंवाईट दिसत होतं. तिला दिसत होता एक आळशी, बेफिकीर, पण धडधाकट नवरा. तो मी माझ्या सत्यशोधनापायी तिच्याकडून काढून घेतला होता. त्यानंतर ती भांडली नाही, भांडी आपटली नाही. दिवस भरत आलेली बाई ताटावर बसायची आणि तशीच उठायची. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन झापलं की हिचं वजन वाढायचं सोडून उतरतंय, तुम्ही घरात करता काय? रोज सकाळी मी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचायची. फोनच्या तारेतून यंत्र किरकिरायचं, जोडलं जायचं, आणि आत काही नसायचं.

एका सकाळी ते जोडलं गेलं आणि थांबेचना. एकामागून एक पत्रं उतरत राहिली, सगळी भावाची. मी खुर्चीवर बसायचंही विसरले. सगळ्यांत ताज्या पत्राची पहिली ओळ वाचली, "आज तार जोडली," आणि टेबलावर डोकं ठेवून रडले. साहेबांनी स्वतः प्रिंटरला कागद लावून दिला आणि म्हणाले, रिक्षानं जा.

राजाजीनगरला आमच्या खोलीत भावजयीनं ती पत्रं क्रमानं लावली आणि मोठ्यानं वाचली. मला थांबा म्हणाली. कारखान्याच्या गावापासून राजधानीपर्यंतची एकुलती तार कुणीतरी कापून नेली होती. गडबड दूर, राजधानीत होती. तो सुखरूप होता. तो दर आठवड्याला लिहीत होता आणि लिहिलेलं त्याच्या यंत्रात अडकून पडत होतं. आमची पत्रं राजधानीत साचली होती. पण हे त्याला शेवटी कळलं. मधल्या पत्रांत त्याचा पारा चढत गेला होता. एका पत्रात होतं, "इथले मॅनेजर म्हणतात बंगळूर म्हणजे कॉम्प्युटरचं गाव, तिथं घरोघरी इंटरनेट. आणि तुला माझी आठवण होत न्हाई? अक्काच्यात जाऊन सुखात पडलीस."

ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. त्या ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "अक्का, तुमच्या त्या तक्त्यात आपल्या देशाचाबी आकडा हाय न्हवं? त्यात मला धरलंय काय?"

मी विचार केला. आमच्या ऑफिसचं एक खातं, आणि त्यामागे आम्ही अंदाजानं धरलेली माणसं. तिची पत्रं त्याच खात्यावरून जात होती.

"धरलंय," मी म्हटलं.

"मग लिवा ह्यांना," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मोजलेली हाय म्हणावं. पण ते यंत्र मी अजून बघितल्यालं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी हे जसंच्या तसं टाइप केलं आणि पाठवून दिलं.