मालिकेत मरणारे शेजारी

टोकियोतल्या निशी-कसाई भागात आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्कर कॅनेडियन नट राहतात. जपानी मालिकांत गोरा माणूस लागला की यांना बोलावणं येतं. कधी जहाजाचा कप्तान, कधी पाद्री, कधी तस्कर. पण शेवटी मरायचं हे ठरलेलं.

माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या, तेव्हा भाषा कळत नसूनही रोज मालिका बघायच्या. एका संध्याकाळी टीव्हीवर या शेजाऱ्यांना गोळी लागली आणि सासूबाई ढसाढसा रडल्या. सकाळी तेच गृहस्थ खाली कचऱ्यापाशी बाटल्यांची झाकणं वेगळी करताना दिसले. "अगंबाई, आयुष्य वाढलं हो तुमचं!" म्हणत सासूबाईंनी त्यांच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मेल्याची बातमी खोटी ठरली की आयुष्य वाढतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

तेव्हापासून मालिकेत मेले की ते आमची बेल वाजवायचे. वाकून, आदराचं जपानी 'सान' जोडून म्हणायचे, "आई-सानना सांगा, जिवंत आहे." सासूबाई परत गेल्यावर हे सगळं, बोटं मोडण्यासकट, फोनवर चालू राहिलं.

मध्ये बरेच दिवस ते दिसले नाहीत. परवा बेल वाजली. दारात तेच, पार वाळलेले, मनगटावर हॉस्पिटलचा पट्टा. टीव्हीवर तर त्यांचं काहीच नव्हतं. मी सासूबाईंना फोन लावला.

"आज कशात मेलात हो?" सासूबाईंनी हसत विचारलं.

मी भाषांतर केलं नाही. ते मात्र गाल फोनजवळ नेऊन उभे राहिले, बोटं मोडल्याचा आवाज येईपर्यंत.