युनूसभाई शोधत राहिले ते पुस्तक

हे मी नवऱ्याला बोलले नाही, बहिणीला नाही. जिला माझं सगळं ठाऊक असतं त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. स्वतःवर चिडून चिडून जीव विटलाय म्हणून सांगतेय म्हणा.

मी सांगलीच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. हसा खुशाल — तर्कशास्त्र! वादातली लबाडी कशी पकडायची, हे फळ्यावर समजावून सांगायचा मला पगार मिळायचा. नव्वदच्या दशकात आमचं एक अभ्यासमंडळ होतं. रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे मुडपून आम्ही पंधरा-वीस मोठी माणसं भांडायचो. देव आहे का, माणूस आपल्या मनाचा मालक आहे का, बाजार खुला करून देश तरेल की बुडेल — जे घरी काढलं की ताटं आपटली जायची, ते सगळं तिथं चालायचं.

नियम होते. विषय मांडणारा आपलं खरं मत मांडणार. विरोध कोण करणार, ते चिठ्ठी टाकून ठरायचं. ज्याचं नाव निघेल त्याला ती बाजू पटो न पटो. विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं मांडून दाखवायचं, की त्यानं "व्हय, हेच" म्हटलं पाहिजे. आणि शेवटी ज्याला उत्तर सुचणार नाही त्यानं मंडळाच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहायचं — माझं म्हणणं मी मागे घेतो. खाली सही. त्यात लाज नव्हती, उलट मान होता. केवढा तोरा होता आम्हाला त्या वहीचा!

युनूसभाईंचं कुपवाडला लेथचं वर्कशॉप होतं. शिक्षण जेमतेम, पण वाचन दांडगं. त्यांचे वडील कोयनानगरला धरणाच्या कामावर होते. रोजचा पाऊस, रोजची उष्णता टिपून ठेवायचा नाद त्यांना वडिलांकडून लागलेला. वर्षानुवर्षं वह्यांत टिपलेलं. त्या रविवारी त्यांनी विषय मांडला — पृथ्वी तापतेय, आणि ती माणसाच्या धुरानं तापतेय. तेव्हा आमच्याकडे हे कुणी फारसं बोलत नव्हतं. विरोधाच्या चिठ्ठीत माझं नाव निघालं.

आता ऐका. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. पूर्ण पटलं होतं. म्हणूनच की काय, ते मी मांडून दाखवलं ते फार सुरेख दाखवलं. युनूसभाई खूश होऊन म्हणाले, "बाई, माज्यापेक्षा तुमीच लय ब्येस सांगितलं की वो!" सगळा वर्ग हसला, माना डोलल्या. आणि माझ्या लक्षात आलं — आता खोडायचं काय?

खरी शंका होती एक. म्हटलं, तुमचं निरीक्षण तुमच्या वर्कशॉपच्या शेडमागचं. आजूबाजूला पत्र्याचे कारखाने वाढले, झाडं गेली, तापणारच. ते शांतपणे म्हणाले, त्यांचा भाऊ कोयनानगरला तेच टिपतोय, तिथं कुठले कारखाने? आणि आम्हा दोघा भावांच्या वह्या म्हणजे काही पुरावा नव्हे, जगभर जे मापलं जातंय त्याच्याशी त्या जुळतात एवढंच. बघा, केवढा तोलून बोलणारा माणूस! मला तिथंच वहीत सही करता आली असती. दोन ओळी, बस्स. पण मंडळात मी एकटी बाई, कॉलेजातली, आजवर एकदाही सही न केलेली — नाही, सबब नको. मला हरायचं नव्हतं. एवढंच.

मी एक पुस्तक काढलं. तोंडातून, तिथल्या तिथं. परदेशी शास्त्रज्ञाचं नाव ठोकून दिलं, पुस्तकाचं नाव ठोकून दिलं, त्यात हे सगळं साफ खोडून काढलंय म्हणून सांगितलं. आवाज जराही कापला नाही. युनूसभाई म्हणाले, "हे मी वाचलेलं न्हाई. वाचल्याबिगर मी बोलू नये." उठले, वही ओढली, लिहिलं, सही केली.

एवढ्यावर थांबलं असतं तर? पण त्यांना ते वाचायचं होतं ना! दर रविवारी विचारायचे, "बाई, ते पुस्तक घावलं का वो?" मी म्हणायचे, माहेरी राहिलंय. मग, कुणी वाचायला नेलंय. मग त्यांनी विचारणं बंद केलं आणि स्वतः शोधायला लागले. सांगलीतली ग्रंथालयं झाली. वर्कशॉप बंद ठेवून एसटीनं साताऱ्याला जाऊन आले. पुण्याला पत्रं घातली. इंग्रजी पुस्तक वाचता यावं म्हणून पन्नाशीत डिक्शनरी घेऊन बसायचे, अवघड शब्द मलाच विचारायचे! आणि मी अर्थ सांगायचे. चीड येते हो, आजही येते — त्यांच्यावरसुद्धा यायची. एकदा तरी माझ्यावर संशय घ्यायचा होता!

नाही घेतला. उलट वह्या लिहायचंच सोडलं. भावालाही थांबवलं.

दोन-तीन वर्षांनी साताऱ्याच्या एका मंडळानं त्यांना बोलावलं. विषय होता मत बदलण्याचा. अध्यक्ष म्हणून मला. ते उभे राहिले, म्हणाले, मी इतकी वर्षं माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, ते पुस्तक अजून घावलं न्हाई, पण बाईंनी मला वेळेत अडवलं, न्हाईतर मी लोकांना भलतंच सांगत फिरलो असतो. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले.

माझी पाळी आली. माईक हातात होता. समोर शंभरेक माणसं, शेजारी ते. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, चूक कबूल करायला मोठं मन लागतं, आणि असं मन मी युनूसभाईंकडे पाहिलं.

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात त्यांनीच वाजवल्या.