काकूंची चक्की आणि माझा प्रबंध

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण हा गाढवपणा खुद्द माझाच आहे. आणि मी कोण? तत्त्वज्ञानाचा मास्तर. पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय काय, तर माणसाला दुसऱ्याचं मन कळतं कसं.

पिपरी मेघेत एका काकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. खाली त्यांची पिठाची चक्की. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते आणि शेवटचं प्रकरण हलत नव्हतं. अशात काकू म्हणाल्या, "पोरगी बाळंतपणाले येऊन राह्यली, सर."

दुसऱ्या दिवसापासून चक्की पहाटे पाचलाच घरघरायला लागली, बरोबर माझ्या पलंगाखाली. मग एका दुपारी मी लिहीत बसलो असताना काकू टेप घेऊन आल्या, खिडकी मोजली आणि एक शब्द न बोलता खाली गेल्या.

झालं. प्रबंधातली सगळी विद्या मी काकूंवर चालवली. लेकीला खोली हवी आहे, तोंडाने सांगवत नाही, म्हणून बाई मला झोपेतून उठवतात आणि नव्या पडद्याचं माप घेतात. आता त्यांना अवघड कशाला वाटू द्यायचं? मी गुपचूप जवळच्या आंजी गावात खोली पाहिली आणि रविवारी टेम्पो बोलावला. लिहायचे तीन दिवस त्यातच गेले.

पुस्तकांची शेवटची पेटी उतरवतोय, तर काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"काऊन चालले सर? आमचं काई चुकलं काय?"

"नाही हो काकू. लेकीला खोली लागेल ना."

"ते राहीन माह्याजवळ खाली. तुमाले कोन म्हनलं जा म्हनून?"

"मग ती पहाटेची चक्की?"

"दिवसभर तुमी लिहून राह्यता. आवाजाचा तरास होते, म्हनून गिऱ्हाइकांले सांगतलं, पाचलेच दळन आना."

"आणि खिडकी?"

"कुलर लावाचा हाय ना. वर किती तापते."

मी हातातली पेटी खाली ठेवली. ही बाई माझ्यासाठी पहाटे उठत होती, गिऱ्हाइकांची बोलणी खात होती, आणि मी तिच्या पिठात कट शोधत होतो. आईनंतर माझ्या लिहिण्याची एवढी काळजी कुणी केली नव्हती. पायरीवर बसून मी त्यांना तसं सांगितलंही.

"ते राहू द्या," काकू म्हणाल्या. "पन मलेच एक खेप इचारलं असतं तं?"

खरं सांगतो, तीनशे पानांत हा उपाय मला कुठेच सुचला नव्हता.

काकू टेम्पोवाल्याकडे वळल्या. "सामान परत वर ने भाऊ. सरचं अजून शिकनं बाकी हाय."